कमिशन माफ झाले, खर्च गेला कुठे?
ऑनलाइन बाजाराचे बदलते दर आणि आपला छोटा विक्रेता

शिरूर अनंतपाळ, निलंगा, चाकूर, उदगीर या भागातील आठवडी बाजारात बैठक मांडणाऱ्याला तहबाजारी कशाला म्हणतात हे सांगावे लागत नाही. सकाळी पथारी पसरली की ठेकेदाराचा माणूस पावती घेऊन हजर होतो. माल हजाराचा खपो वा शंभराचा, जागेचे पैसे ठरलेले. विक्रेत्याला ते आवडत नाहीत, पण ते किती आहेत हे त्याला घरून निघतानाच ठाऊक असते.

मोबाईलवरच्या बाजारात नेमके हेच ठाऊक नसते. तिथे जागेचे भाडे नाही, पण विक्रीवर टक्केवारी आहे, वाहतूक आहे, परतीचा खर्च आहे, जाहिरात आहे आणि या सर्व आकारांवर कर आहे. शिवाय हे दर वरचेवर बदलतात. गेल्या काही वर्षांत एकामागून एक मोठ्या बाजारांनी ‘कमिशन माफ’ अशी घोषणा केली. मीशोने २०२१ साली विक्रेत्यांचे कमिशन शून्यावर आणले. ॲमेझॉनने एप्रिल २०२५ मध्ये ३०० रुपयांच्या आतील सव्वा कोटीच्या आसपास वस्तूंवरील कमिशन काढून टाकले. नोव्हेंबर २०२५ मध्ये फ्लिपकार्टने १००० रुपयांच्या आतील मालाबाबत तशीच घोषणा केली. साहजिकच आमच्या अनेक वाचकांचा प्रश्न असा की, आता तरी यात उतरावे काय?

हा प्रश्न मोठ्या दुकानदारांपेक्षा त्यांच्यासाठी महत्त्वाचा आहे, ज्यांचा हा पूर्णवेळ धंदा नाही. रमजानच्या आधी दोन महिने कुर्ते आणि टोप्या शिवणारा कारागीर, घरी बसून दुपट्ट्यावर जरीकाम करणारी भगिनी, हंगामापुरत्या गाद्या-उशा भरणारे नदाफ बांधव, दुकानात उरलेला माल विकू पाहणारे मणियार वा आतार बांधव यांच्यासाठी हा लेख आहे. अशा विक्रेत्याचे भांडवल थोडे असते. दहा नगांत फसले तर पुढच्या दहा नगांचे कापड आणायला त्याच्याकडे पैसे उरत नाहीत.

अडतीचा धडा

बाजाराचा आकार बदलला की काय होते, हे समजून घेण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. आपल्या बागवान बांधवांना जुलै २०१६ आठवत असेल. महाराष्ट्र सरकारने तेव्हा फळे व भाजीपाला बाजार समितीच्या बंधनातून मोकळा केला आणि अडत शेतकऱ्याच्या पट्टीतून न कापता खरेदीदाराकडून घ्यावी असे ठरविले. व्यापाऱ्यांनी त्या वेळी बंद पाळला. त्याआधी डिसेंबर २०१४ मध्ये पणन संचालकांनी असाच आदेश काढला होता, पण सरकारने काही दिवसांतच त्याला स्थगिती दिली होती.

या निर्णयाने अडत संपली नाही, तिची जागा बदलली. आधी ती विकणाऱ्याच्या पट्टीत दिसे, आता घेणाऱ्याच्या बिलात दिसू लागली. आणि घेणाराही हिशेबी असतो. आपल्याला वर किती द्यावे लागणार हे ठाऊक असल्याने तो सौद्यात बोली तेवढी खाली ठेवू पाहतो. त्या दिवशी माल कमी आणि गिऱ्हाईक जास्त असेल तर ते ओझे घेणाऱ्यावर पडते. माल उतू जात असेल तर कागदावर काहीही लिहिलेले असो, ओझे विकणाऱ्याकडेच परत येते.

परदेशातही हेच घडले. ईबे ही अमेरिकेची जुनी ऑनलाइन बाजार कंपनी. तिने २००४ साली आपल्याकडची ‘बाझी’ ही कंपनी विकत घेऊन भारतात धंदा सुरू केला होता. २०१७ मध्ये तो फ्लिपकार्टकडे गेला आणि २०१८ च्या ऑगस्टमध्ये बंद झाला. याच ईबेने जर्मनीत मार्च २०२३ पासून आणि ब्रिटनमध्ये ऑक्टोबर २०२४ पासून घरगुती विक्रेत्यांचे कमिशन माफ केले. घरातली जुनी वस्तू विकणाऱ्यांना आनंद झाला. परंतु ब्रिटनमध्ये फेब्रुवारी २०२५ पासून अशा वस्तू घेणाऱ्या ग्राहकावर ‘संरक्षण शुल्क’ बसले. विक्रेत्याने लावलेल्या किमतीवर ते चढते. म्हणजे ग्राहकाला वस्तू महाग दिसू लागली आणि गिऱ्हाईक टिकवायचे तर विक्रेत्याला आपला भाव उतरवणे भाग पडले. आमच्याकडच्या अडतीचीच ही गोष्ट, फक्त भाषा इंग्रजी.

यातून एक नियम निघतो. ओझे कोणावर पडेल हे घोषणेवर अवलंबून नसते, ते कोण दुसरीकडे जाऊ शकतो यावर अवलंबून असते. तुमच्यासारखाच माल शंभर जण विकत असतील तर ग्राहक दुसऱ्याकडे जाईल आणि आकार तुमच्या नफ्यातून जाईल. तुमच्या हाताचे काम दुसऱ्या कोणाकडे मिळत नसेल, तर ग्राहक चार पैसे जास्त देईल. सुरतेहून आणलेला तयार माल पुन्हा विकणारा आणि स्वतःच्या हाताने जरीकाम करणारा, या दोघांना एकच दरपत्रक लागू असले तरी परिणाम सारखा होत नाही.

एका नगाचा हिशेब

आता आकडे मांडू. खालील दर कोणत्याही एका कंपनीचे नाहीत, हिशेब समजावा म्हणून घेतलेले आहेत. आपापल्या बाजाराचे दर त्या जागी घालून पाहावेत.

समजा, एक कुर्ता २५० रुपयांना विकला. कापड, धागा, बटणे, शिलाई आणि पिशवी मिळून आपला खर्च ११० रुपये. बाजाराचे कमिशन दहा टक्के म्हणजे २५ रुपये, ठराविक आकार १० रुपये आणि वाहतूक ५० रुपये. एकूण ८५ रुपये. या आकारांवर १८ टक्के जीएसटी म्हणजे १५ रुपये ३० पैसे. हाती आले १४९ रुपये ७० पैसे. खर्च वजा जाता एका नगामागे ३९ रुपये ७० पैसे, दहा नगांमागे ३९७ रुपये.

आता कमिशन माफ झाले. आकार उरले ६० रुपये, त्यावर कर १० रुपये ८० पैसे. हाती आले १७९ रुपये २० पैसे. दहा नगांमागे नफा ६९२ रुपये. फरक मोठा आहे, हे मान्य केलेच पाहिजे.

पण दहाही नग ग्राहकाकडे राहिले तरच हा हिशेब खरा. माप बसले नाही, रंग फोटोतल्यासारखा नाही, अशा कारणांनी कपडे परत येतात. परतीच्या वाहतुकीचे ८० रुपये आणि त्यावर कर धरून एका परतीचा भुर्दंड ९४ रुपये ४० पैसे धरू. परत आलेला माल चांगल्या स्थितीत आला असेही मानू. दहातला एक नग परत आला तर नफा ५२८ रुपये ४० पैशांवर येतो. तीन परत आले तर उरतात फक्त २०१ रुपये २० पैसे.

वाचकांनी हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. कमिशन देऊन एकही नग परत आला नाही तेव्हा ३९७ रुपये उरले. कमिशन माफ होऊन तीन नग परत आले तेव्हा २०१ उरले. म्हणजे कमिशनपेक्षा परतीचा खर्च जास्त मारक ठरला. जो बाजार कमिशन घेत नाही तो धर्मादाय चालत नाही. मीशोसारख्या बाजाराची कमाई प्रामुख्याने वाहतूक आणि जाहिरात यांतून होते. त्यात लबाडी आहे असे आम्हाला म्हणायचे नाही. धंदा आहे, त्याने कमवावे. पण आपण दरपत्रकाची पहिली ओळ वाचून थांबू नये, एवढेच.

मर्यादेची भिंत

दुसरी बाब फारशी बोलली जात नाही. ‘३०० रुपयांच्या आत कमिशन नाही’ असा नियम असतो तेव्हा ३०० या आकड्यावर एक भिंत उभी राहते. २९९ ला विकलेल्या वस्तूवर कमिशन शून्य. तीच वस्तू ३१० ला लावली आणि तिथे दहा टक्के कमिशन असले, तर ३१ रुपये आणि त्यावरील कर ५ रुपये ५८ पैसे जातात. म्हणजे अकरा रुपये जास्त घेऊन पंचवीस रुपये कमी हाती आले! या उदाहरणात ३४० रुपयांच्या आसपास भाव नेला तरच २९९ इतके पैसे पदरात पडतात. तेव्हा मधल्या भावात वस्तू ठेवण्यात अर्थ नाही. एकतर भिंतीच्या आत राहावे, नाहीतर चांगले काम करून भिंतीच्या बरेच पुढे जावे.

दोन टोप्यांची जोडी, तीन रुमालांचा संच असे एकत्र विकताना हे विशेष पाहावे. एकेक टोपी मर्यादेच्या आत असते, जोडी मर्यादेबाहेर जाते. उलट एकेक विकल्यास दोनदा वाहतूक लागते. दोन्ही हिशेब कागदावर करून मगच ठरवावे.

जीएसटी क्रमांक नसेल तर?

छोट्या विक्रेत्याच्या दृष्टीने गेल्या काही वर्षांतील सर्वांत महत्त्वाचा बदल कोणत्या कंपनीने केला नाही, सरकारने केला. पूर्वी ऑनलाइन बाजारात करपात्र माल विकायचा तर उलाढाल कितीही लहान असो, जीएसटी नोंदणी सक्तीची होती. १ ऑक्टोबर २०२३ पासून ही अट सैल झाली. महाराष्ट्रात ज्यांची मालविक्रीची वार्षिक उलाढाल ४० लाखांच्या मर्यादेत आहे, त्यांना नोंदणीशिवायही असा माल विकता येतो. त्यासाठी जीएसटीच्या संकेतस्थळावर पॅनच्या आधारे नावनोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. मात्र बाजारानेही असे विक्रेते स्वीकारलेले असले पाहिजेत, आणि सर्वच ते स्वीकारत नाहीत.

याला एक मोठी अट आहे, आणि आपल्या भागाला तीच जास्त बोचते. असा माल राज्याच्या आतच विकता येतो. शिरूर अनंतपाळहून भालकी आणि बीदर दूर नाहीत. लग्नसंबंध तिकडे, बाजारहाट तिकडे, हैदराबादशी तर पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवहार. पण नोंदणी नसलेल्या विक्रेत्याला या बाजारातून पुणे, मुंबई, नागपूरला कुर्ता पाठवता येतो, बीदरला येत नाही. शेकडो किलोमीटर चालतात आणि राज्याची हद्द ओलांडलेली चालत नाही. ज्यांचे गिऱ्हाईक कर्नाटक-तेलंगणात आहे त्यांनी नोंदणीचा विचार करावा. केवळ काचेच्या बांगड्यांसारखा करमुक्त माल विकणाऱ्यांची गोष्ट वेगळी असते. मणियार बांधवांनी त्याबाबत कर सल्लागाराला विचारून घ्यावे.

नोंदणी नसल्याचा आणखी एक परिणाम आहे. बाजाराच्या आकारांवर जो १८ टक्के कर लागतो, तो नोंदणीकृत व्यापारी सर्वसाधारणपणे आपल्या देय करातून वजा करून घेतो. नोंदणी नसलेल्याला ती सोय नाही. त्याच्यासाठी तो कर म्हणजे निव्वळ खर्च. वरच्या हिशेबात आम्ही तो खर्च धरला आहे तो यामुळेच.

पट्टीत आणखी दोन कपाती दिसू शकतात. नोंदणीकृत विक्रेत्याच्या करपात्र विक्रीवर बाजार जीएसटीपोटी काही रक्कम कापून भरतो. ही कपात १० जुलै २०२४ पासून एक टक्क्यावरून अर्ध्या टक्क्यावर आली. दुसरी आयकराची. ती आधी एक टक्का होती, १ ऑक्टोबर २०२४ पासून शेकडा १० पैसे झाली. वर्षाला पाच लाखांपर्यंत विक्री असलेल्या व्यक्तीने पॅन किंवा आधार दिलेले असेल तर आयकराची ही कपात होत नाही. न दिल्यास पाच टक्के कापले जाऊ शकतात. या दोन्ही रकमा बुडत नाहीत, विवरणपत्र भरून त्यांचे श्रेय मिळते. परंतु विवरणपत्र न भरणाऱ्याच्या दृष्टीने त्या बुडाल्यासारख्याच.

ग्राहकाच्या बाजूने

आपण विक्रेते आहोत तसे ग्राहकही आहोत. विक्रेत्याचे कमिशन कमी होत असताना ग्राहकाच्या बिलात नवी नावे दिसू लागली आहेत. कुठे मंच शुल्क, कुठे हाताळणी शुल्क, कुठे घरी आल्यावर रोख देण्याचा आकार. ही शुल्के सुरुवातीला इतकी लहान असतात की कोणी तक्रार करीत नाही. मोठ्या शहरांत जेवण पोचविणाऱ्या झोमॅटोने ऑगस्ट २०२३ मध्ये प्रत्येक ऑर्डरमागे २ रुपये घ्यायला सुरुवात केली. ऑक्टोबर २०२४ मध्ये ते १० झाले, सप्टेंबर २०२५ मध्ये १२. दोन वर्षांत सहापट!

रोख देण्याचा आकार खेड्यातल्या ग्राहकाला जास्त लागतो. पूर्वी आपण व्ही.पी.ने पुस्तके, घड्याळे मागवीत असू, तशीच ही रीत. माल हाती आल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत ही सावधगिरी योग्यच आहे, पण तिची आता किंमत मोजावी लागते.

ग्राहकाला कायद्याने काही हक्क दिलेले आहेत. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार वस्तूची एकूण किंमत आणि तिच्यातील सर्व आकारांची फोड दाखविणे बंधनकारक आहे. आधी कमी भाव दाखवून शेवटच्या पायरीवर शुल्क चढविणे ही २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार फसवी रीत मानलेली आहे. बाजाराने तक्रार अधिकारी नेमलेला असला पाहिजे, त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच आणि महिन्याभरात निकाल दिला पाहिजे. तसे न झाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. मागणी पक्की करण्यापूर्वी शेवटच्या पानाचा फोटो मोबाईलवर काढून ठेवावा. तक्रारीच्या वेळी तोच पुरावा होतो.

मग करावे काय?

आमचा सल्ला पुढीलप्रमाणे आहे.

१. एकदम शंभर नग शिवू नयेत. दहा नगांनी सुरुवात करावी आणि त्या दहांचा पैसा पूर्ण हाती येईपर्यंत हिशेब पक्का धरू नये. परतीची मुदत संपेपर्यंत विक्री झाली असे समजू नये.

२. एक वही करावी. विक्रीचा भाव, कमिशन, ठराविक आकार, वाहतूक, आकारांवरील कर, जाहिरात, परतीचा खर्च आणि प्रत्यक्ष खात्यात आलेले पैसे असे आठ रकाने आखावेत. महिनाअखेर शेवटचा रकानाच खरा माना. आपल्या हाताची मजुरी खर्चात धरायला विसरू नये. घरच्या बाईचे काम फुकटचे समजून काढलेला नफा हा नफा नव्हे.

३. परत येणारा माल कमी करण्यावर सर्वांत जास्त लक्ष द्यावे. मापे इंचात लिहावीत, फोटो उजेडात काढावा, कापड कोणते ते खरे सांगावे. एक परत वाचली तर तीन नगांच्या कमिशनपेक्षा जास्त पैसे वाचतात, हे वरच्या आकड्यांवरून कोणीही पडताळून पाहावे.

४. दर बदलल्याचा निरोप मोबाईलवर येतो आणि आपण तो न वाचता सरकवतो. तो वाचावा, इंग्रजी अडत असेल तर शिकलेल्या मुलाकडून वाचून घ्यावा. लागू होण्याची तारीख वहीत लिहून त्या दिवसापासून एका नगाचा हिशेब नव्याने करावा.

५. सगळा माल एकाच दारी नेऊ नये. आठवडी बाजार, उजेडची गांधीबाबाची यात्रा, माळेगावची यात्रा, उरुसातली दुकाने आणि ओळखीचे गिऱ्हाईक सोडू नयेत. ओळखीच्या ग्राहकाने यूपीआयने थेट खात्यात पैसे पाठवले तर त्यात कमिशन नाही. जो विक्रेता दुसरीकडे जाऊ शकतो त्यालाच भाव ठरवता येतो.

शेवटी, ऑनलाइन बाजारापासून आपल्या माणसांनी दूर राहावे असे आमचे मत मुळीच नाही. शिरूर अनंतपाळच्या कारागिराचा कुर्ता नाशिकच्या घरी पोचावा, यात बरकतच आहे. कमिशन माफ झाल्याने ही वाट सोपी झाली हेही खरे. पण आठवडी बाजारात जसे आपण ठेकेदाराची पावती पाहिल्याशिवाय पैसे देत नाही, तसेच येथेही प्रत्येक आकाराची पावती पाहावी. माफ झालेला पैसा कोणत्या रकान्यात जाऊन बसला, हे ज्याला सांगता येईल त्याने खुशाल उतरावे. ज्याला अजून सांगता येत नाही त्याने आधी दहा नग विकून पाहावेत.